अर्ध्या वाटेवरचें नवें यंत्र

घरांत एखादी टिकाऊ वस्तु घेतली म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्यांत एक अबोल करार होत असतो. शिलाईचें यंत्र घेतलें तर तें सासूच्या हातून सुनेच्या हातीं जावें, पंखा घेतला तर त्यानें दहा-वीस उन्हाळे काढावे, अशी घेणाऱ्याची अपेक्षा असते. आणि विकणाराहि ती जाणून असतो. मुलांच्या खेळाच्या ज्या यंत्रास ‘गेम कन्सोल’ म्हणतात, तें या मालिकेंत अगदीं अलीकडे येऊन बसलें आहे. जळगांव-धुळ्याकडील सुशिक्षित घरांतून तें आतां नवलाचें राहिलें नाहीं. दिवाळीच्या बोनसांतून, दहावीच्या निकालानिमित्त, किंवा पुण्यास अथवा परदेशीं नोकरीस असलेल्या काकांच्या आग्रहानें तें घरांत येतें, दिवाणखान्यांतील टीव्हीखालीं स्थानापन्न होतें, आणि चार चुलत भावंडांच्या पाळ्या लागूं लागतात. पण तीन-चार वर्षें होतात न होतात, तोंच त्याच कंपनीचें, त्याच नांवाचें, परंतु अधिक बळाचें दुसरें यंत्र निघाल्याची वार्ता येते. मुलें म्हणतात, “आपलें जुनें झालें.” वडील म्हणतात, “अजून त्याचें खोकेंसुद्धां माळ्यावरून काढलें नाहीं!” दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें आहे. पिढी संपण्यापूर्वींच, मध्यावर असें बलवत्तर यंत्र काढणें योग्य कीं अयोग्य, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

प्रश्न क्षुल्लक आहे असें ज्यांस वाटेल, त्यांस आमची विनंति अशी कीं, त्यांनीं यंत्राकडे न पाहतां व्यवहाराकडे पाहावें. पन्नास हजार रुपये ही रक्कम मध्यम स्थितीच्या घरास क्षुल्लक नसते. आणि एकत्र कुटुंबांत ती एका खिशांतून क्वचितच येते. आजोबांच्या पेन्शनींतून कांहीं, दोघां भावांच्या पगारांतून कांहीं, मुलांनीं साठविलेल्या खाऊच्या व ओवाळणीच्या पैशांतून कांहीं, अशी वर्गणी होऊन ती वस्तु येते. मग ती ‘जुनी’ केव्हां झाली हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, कारखानदाराचा कीं घराचा? खरा वाद हा आहे.

पिढी म्हणजे काय

संगणक आणि कन्सोल यांत एक मूलभूत भेद आहे. संगणकाचे भाग सुटे बदलतां येतात. आज स्मृति वाढविली, उद्यां दुसरा पंखा बसविला, असें चालतें. कन्सोल ही बंद पेटी आहे. एका नांवाचीं सर्व यंत्रें आंतून सारखीं असतात, म्हणून खेळ रचणाऱ्यास एकच माप डोळ्यांपुढें ठेवून काम करतां येतें. जो खेळ जपानांतील मुलाच्या घरीं नीट चालतो, तो धुळ्याच्या मुलाच्या घरींहि तसाच चालतो. ही समानता हाच कन्सोलचा मुख्य गुण होय. तो नसता तर कोणीहि संगणकच घेतला असता.

सोनी कंपनीचें पहिलें प्लेस्टेशन जपानांत १९९४ च्या डिसेंबरांत निघालें. दुसरें २००० सालीं, तिसरें २००६ सालीं, चौथें २०१३ सालीं व पांचवें २०२० सालीं आलें. म्हणजे पांच ते सात वर्षांची एक पिढी, असा संकेत पडून गेला. पिढीच्या मध्यावर पूर्वीं जें नवें रूप निघे, तें बळानें तेंच, पण आकारानें लहान व किंमतीनें स्वस्त असे. अमेरिकेंत २००६ सालीं ४९९ व ५९९ डॉलरांस निघालेलें तिसरें प्लेस्टेशन २००९ मध्यें सडपातळ होऊन २९९ डॉलरांस मिळूं लागलें. ज्यानें आधीं घेतलें त्याला आधीं खेळावयास मिळालें; जो थांबला त्याला थांबण्याचें फळ स्वस्ताईच्या रूपानें मिळालें. दोघांपैकीं कोणासहि फसल्यासारखें वाटण्याचें कारण नव्हतें.

आतां थोडा हिशेब करूं. पांचवें प्लेस्टेशन भारतांत २०२१ च्या फेब्रुवारींत ४९,९९० रुपयांस आलें. तें सात वर्षें वापरलें तर महिन्यास सुमारें ५९५ रुपये पडतात. चारच वर्षांनीं बदललें तर १,०४१ रुपये. म्हणजे पिढी मध्यावर तोडली कीं त्याच करमणुकीचा मासिक खर्च जवळजवळ पावणेदोन पट होतो. शिवाय या पिढींत स्वस्ताईचा जुना संकेतहि उलटला. २०२२ च्या नोव्हेंबरांत तेंच यंत्र भारतांत ५४,९९० रुपयांचें झालें. आणि २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतहि त्याची किंमत पन्नास डॉलरांनीं वाढली. थांबणाऱ्याचें फळ गेलें तें गेलेंच, आणि घाई करणाऱ्यास मध्यावर नवें आमिष आलें.

पूर्वींचे प्रयोग

यंत्राचें बळ मध्यावर वाढविण्याची कल्पना नवी नाहीं. सेगा या जपानी कंपनीनें आपल्या ‘मेगा ड्राइव्ह’ यंत्रावर बसवावयाची ‘थर्टी-टू एक्स’ नांवाची जोडणी १९९४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत विकावयास आणली. त्याच महिन्यांत जपानांत त्याच कंपनीचें ‘सॅटर्न’ हें पुढच्या पिढीचें यंत्र बाजारांत आलें! एका हातानें जोडणी विकावयाची आणि दुसऱ्या हातानें ती निरुपयोगी करावयाची, असा तो प्रकार झाला. त्या जोडणीसाठीं अवघे सुमारें चाळीस खेळ निघाले व ती लवकरच बंद पडली. ज्यांनीं ती विश्वासानें घेतली, त्यांचा कंपनीवरील विश्वास उडाला.

याच्या उलट, निंटेंडो कंपनीनें १९९८ सालीं आपल्या ‘निंटेंडो ६४’ यंत्राची स्मृति चार मेगाबाइटांवरून आठ करणारी एक लहानशी वडी काढली. मूळ यंत्र टाकावें लागत नसे. झांकण उघडून ती वडी बसविली कीं काम झालें. १९९९ च्या ‘डाँकी काँग ६४’ या खेळास ती अवश्य होती, तर ती त्या खेळाच्या खोक्यांतच घालून दिली गेली. सुधारणा करावी, पण आधींच्या गिऱ्हाइकास वाऱ्यावर सोडूं नये, हा विवेक येथें दिसतो.

आजच्या अर्थानें मध्यावरचें यंत्र म्हणजे २०१६ च्या नोव्हेंबरांत निघालेलें ‘प्लेस्टेशन ४ प्रो’ आणि २०१७ च्या नोव्हेंबरांत मायक्रोसॉफ्टनें काढलेलें ‘एक्सबॉक्स वन एक्स’. त्यांचें कारण टीव्हींत होतें. पूर्वींच्या ‘फुल एचडी’ पडद्यावर चित्राचे २०,७३,६०० ठिपके असतात. नव्या ‘फोर-के’ पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. हे सर्व ठिपके रंगविण्याचें बळ २०१३ च्या यंत्रांत नव्हतें. म्हणून सोनीनें चित्र रंगविणारा भाग दुपटीहून अधिक समर्थ केला. गणित करणारा मेंदू मात्र त्याच जातीचा ठेवून त्याची गति थोडी वाढविली. परिणामीं चित्र अधिक रेखीव झालें, पण खेळ तोच राहिला. सोनीचे त्या वेळचे अधिकारी अँड्रू हाउस यांनीं दुसरेंहि एक कारण उघडपणें सांगितलें होतें: पिढीच्या मध्यावर कांहीं हौशी खेळाडू अधिक चांगल्या चित्रासाठीं संगणकाकडे वळतात, त्यांस थोपवून धरणें. म्हणजे हें यंत्र सर्वांसाठीं नव्हतेंच. २०१७ च्या उन्हाळ्यांत कंपनीनें जें प्रमाण जाहीर केलें, त्यावरून तें निघाल्यापासून विकल्या गेलेल्या दर पांच यंत्रांत एक ‘प्रो’ होतें. बाकीच्या चौघांनीं साधेंच घेतलें.

केळीच्या बागेचा दाखला

येथें कोणी म्हणेल, “शेजाऱ्यानें अधिक चांगलें यंत्र घेतलें तर आपलें काय बिघडतें? आपलें होतें तसेंच आहे.” हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. त्याचें उत्तर आमच्या रावेर-यावलच्या केळीच्या बागांत सांपडतें. खानदेशांत पूर्वीं बसराई जातीची केळी सर्वत्र असे. पुढें ऊतिसंवर्धनानें तयार केलेलीं ग्रँड नैन जातीचीं रोपें आलीं आणि हळूहळू बसराईची जागा त्यांनीं घेतली. शेतकऱ्यानें उभी बाग उपटून नवी लावली नाहीं. मृगबाग असो वा कांदेबाग असो, हातचें पीक काढून झाल्यावर पुढच्या लागवडीस त्यानें जात बदलली. शेजाऱ्याच्या मळ्यांत ग्रँड नैन आली म्हणून याच्या बसराईचा घड हलका झाला नाहीं. पण समजा, व्यापाऱ्यानें उद्यां सांगितलें असतें कीं आम्ही बसराईच्या बागेकडे गाडीच पाठविणार नाहीं, तर? तर घड तोच असूनहि त्याचें मोल गेलें असतें.

कन्सोलचेंहि असेंच आहे. यंत्र जुनें पडतें तें शेजाऱ्याच्या यंत्रामुळें नव्हे. खेळ रचणारे नव्या यंत्राकडे पाहून काम करूं लागतात आणि जुन्याकडे दुर्लक्ष करतात, तेव्हां तें जुनें पडतें. याचें सर्वांत ठळक उदाहरण २०२० च्या डिसेंबरांत घडलें. ‘सायबरपंक २०७७’ हा बहुप्रतीक्षित खेळ १० डिसेंबरास प्रसिद्ध झाला. बलवान संगणकांवर तो शोभून दिसे. पण २०१३ च्या मूळ प्लेस्टेशन ४ वर चित्रें उमटेनात, खेळ अडखळे, मध्येंच बंद पडे. वस्तुतः तो त्या यंत्रासाठीं म्हणून पुरी किंमत घेऊन विकला गेला होता. गिऱ्हाइकांची ओरड इतकी झाली कीं, आठ दिवसांत सोनीनें तो आपल्या दुकानांतून काढून घेतला व पैसे परत करण्याची तयारी दाखविली. पुढें २०२१ च्या जून महिन्यांत तो पुन्हां विक्रीस आला. हा सर्व दोष मध्यावरच्या यंत्राचा, असें आम्ही म्हणत नाहीं. खेळ अर्धवट तयार असतांना विकण्याची घाई हें त्याचें मुख्य कारण. परंतु एकाच नांवाखालीं निरनिराळ्या बळाचीं यंत्रें चालूं लागलीं, म्हणजे हाल कोणाचे होतात, हें त्यावरून स्पष्ट झालें.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मायक्रोसॉफ्टनें २०२० सालीं आरंभींच दोन यंत्रें एकदम काढलीं. भारतांत त्यांची किंमत ३४,९९० व ४९,९९० रुपये अशी होती. येथें फसवणूक नाहीं. घेणाऱ्यास पहिल्या दिवसापासून दोन्ही ताटें समोर दिसत होतीं. तरीहि २०२३ सालीं ‘बाल्डर्स गेट ३’ या खेळास त्या यंत्रांवर येण्यास उशीर झाला, कारण लहान यंत्रावर दोघांनीं एका पडद्यावर खेळण्याची सोय नीट बसेना. शेवटीं लहान यंत्रापुरती ती सोय गाळून खेळ द्यावा लागला. म्हणजे बळांतील अंतर ठेवलें कीं त्याचा भार कोठें तरी पडतोच. एक तर दुबळ्यास कमी मिळतें, नाहीं तर बलवानास थांबावें लागतें.

भारतांत न आलेलें यंत्र

आतां आपल्या देशाकडे येऊं. ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ हें यंत्र २०२४ च्या ७ नोव्हेंबरास अमेरिकेंत व इतर देशांत निघालें. किंमत सुमारें ७०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानें कर व जकात न धरतांहि ५९,००० रुपयांच्या आसपास. आणि एवढें देऊन त्यांत तबकडी घालण्याची खांच नाहीं, ती वेगळी घ्यावयाची. भारतांत मात्र तें त्या वेळीं विकावयास आलेंच नाहीं. कारण मोठें मौजेचें आहे. त्या यंत्रांत वाय-फायची जी नवी तऱ्हा आहे, ती ६ गिगाहर्ट्झच्या ध्वनिक्षेपण-पट्ट्याचा उपयोग करते, आणि तो पट्टा आपल्याकडे घरगुती उपयोगास मोकळा केलेला नव्हता. २०२५ च्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें त्या पट्ट्याचा खालचा भाग विनापरवाना वापरास मोकळा करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला.

पुष्कळ मुलांस तेव्हां हळहळ वाटली. आमच्या मतें मात्र ही एक आयती परीक्षाच होऊन गेली. बलवान यंत्र देशांत मिळत नसतां येथल्या मुलांचा कोणता खेळ बुडाला? कोणताहि नाहीं. ‘प्रो’साठीं म्हणून निघालेले खेळ मूळ यंत्रावरहि चालत होते, फरक चित्राच्या रेखीवपणाचा होता. जोंवर कंपनी हें वचन पाळते, तोंवर मध्यावरचें यंत्र ही हौशी लोकांची चैन ठरते. ज्या दिवशीं वचन मोडेल, त्या दिवशीं ती सर्वांवरची सक्ति होईल.

आपल्या प्रदेशाचा म्हणूनहि कांहीं विचार आहे. कंपनीनेंच सांगितलेली पांचव्या प्लेस्टेशनच्या वापराची मर्यादा ५ ते ३५ अंश उष्णतेची आहे. जळगांव-भुसावळकडे मे महिन्याच्या दुपारीं पारा ४५ च्याहि वर जातो, हें वाचकांस सांगावयास नको. जड खेळ चालू असतां हें यंत्र सुमारें २०० वॉट वीज घेतें. रोज दोन तास धरले तर महिन्यास बारा युनिटें होतात, आणि ती सर्व वीज शेवटीं उष्णता होऊन त्याच खोलींत बाहेर पडते. धूळ, उष्मा व वीज जाणें-येणें यांत आमच्याकडे यंत्राचा जीव बळावर नव्हे, निगेवर टिकतो. तीन महिन्यांनीं जाळी साफ करणें, कपाटांत कोंडून न ठेवणें, उन्हाळ्यांत दुपारचा खेळ संध्याकाळवर ढकलणें, या गोष्टी नव्या यंत्रापेक्षां अधिक उपयोगी पडतात.

दीर्घायुष्याचें फळ

एका यंत्राला लांब आयुष्य लाभलें तर काय होतें, याचें उदाहरण दुसऱ्या प्लेस्टेशननें घालून दिलें आहे. २००० सालीं निघालेलें तें यंत्र २०१३ च्या आरंभापर्यंत कारखान्यांतून बाहेर पडत होतें. सोळा कोटी यंत्रें विकलीं गेलीं. पश्चिमेकडे त्याचा भर ओसरला, तेव्हां आपल्याकडे तें मध्यम घरांच्या आवांक्यांत आलें. आणि तेव्हांच, २००९ च्या सुमारास, त्याच्यासाठीं ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा हैदराबादेंत तयार झालेला खेळ निघाला, ‘देसी अड्डा’ या खेळांत तर कबड्डी आणि विटीदांडू पडद्यावर आले. हे खेळ उत्कृष्ट होते असा आमचा दावा नाहीं. पण आपल्या मुलांचे खेळ त्या यंत्रावर येण्यास तें यंत्र आपल्या घरीं पोंचावें लागलें, आणि पोंचण्यास नऊ वर्षें लागलीं. पिढी दर चार वर्षांनीं तोडली, तर श्रीमंत देशांच्या वेगानें यंत्रें बदलतील आणि आमच्यासारख्यांच्या अंगणांत गाडी थांबण्यापूर्वींच सुटून जाईल.

आमचें मत

सुधारणा नकोच, असें म्हणणारे आम्ही नव्हे. ज्या अमळनेरांत १९४५ सालीं वनस्पति तुपाचा कारखाना निघाला, त्याच कारखान्याच्या कंपनीनें पुढें विप्रो या नांवानें संगणकाच्या धंद्यांत देशोदेशीं लौकिक मिळविला. त्या प्रदेशांतील माणसानें यंत्राच्या प्रगतीस नांवें ठेवणें शोभणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मध्यावरच्या यंत्रास तीन अटी असाव्या. पहिली : पिढी संपेपर्यंत प्रत्येक खेळ मूळ यंत्रावर नीट चाललाच पाहिजे, आणि खोक्यावर ज्या यंत्राचें नांव छापलें त्यावर तो तपासूनच विकला पाहिजे. दुसरी : बलवान यंत्र काढतांना साधें यंत्र स्वस्त झालें पाहिजे, निदान महाग तरी होऊं नये. तिसरी : जें सुटें बदलतां येईल तें सुटेंच द्यावें. पांचव्या प्लेस्टेशनांत सांठवणीची पट्टी घरच्या घरीं वाढवितां येते, ही चांगली रीत आहे; तिचा विस्तार व्हावा. या अटी पाळल्या तर मध्यावरचें यंत्र खुशाल निघावें. ज्याचा टीव्ही मोठा व खिसा जड, त्यानें तें घ्यावें. या पिढींत पहिली अट बहुतांशीं पाळली गेली, दुसरी मोडली गेली, असें आमचें वाचन आहे.

घरानें काय करावें? प्रथम आपला टीव्ही पाहावा. बत्तीस इंचांचा साधा पडदा असेल, तर नव्या यंत्राचे वाढीव ठिपके दिसण्यास त्यावर जागाच नाहीं. तेथें खर्च केलेला पैसा अंधारांत पडतो. दुसरें, यंत्र घेतांनाच सर्वांसमक्ष त्याची मुदत ठरवावी: सात वर्षें म्हणजे सात वर्षें. घरच्या जमाखर्चाच्या वहींत तारीख लिहून ठेवावी, आणि मुलांसहि ती दाखवावी. मुलें समजूतदार असतात. अचानक मिळालेला नकार त्यांस लागतो, आधीं ठरलेला नियम लागत नाहीं. तिसरें, परदेशांतून कोणी हौसेनें आणून देतो म्हणाला, तर येथें त्याची हमी व दुरुस्ती मिळेल कीं नाहीं, हें आधीं विचारावें. आणि चौथें, जें एकत्र कुटुंबांत विशेष महत्त्वाचें : एका भावाची ऐपत असली म्हणून त्यानें आपल्या मुलापुरतें स्वतंत्र बलवान यंत्र खोलींत आणूं नये. दिवाणखान्यांतील एका यंत्राभोंवतीं चार भावंडें पाळीनें बसतात, हरतात, भांडतात, पुन्हां खेळतात. त्या पाळीचें मोल कोणत्याहि चित्राच्या रेखीवपणापेक्षां अधिक आहे. खोलीखोलींत वेगळें यंत्र झालें, म्हणजे ठिपके चौपट होतील खरे, पण खेळगडी एकच उरेल.

वस्तु केव्हां जुनी झाली हें ठरविण्याचा अधिकार घराचाच आहे, आणि तो घरानें गाजविला पाहिजे. कारखानदार जाहिरात करील. तो त्याचा धंदा आहे. जें यंत्र अद्याप नीट चालतें, ज्यावर नवे खेळ येत आहेत, आणि ज्याच्यापुढें मुलें आनंदानें बसतात, तें जुनें नव्हे.